लो मायलेज म्हणजे नक्की काय? ताडपत्रीखालच्या एका गाडीची गोष्ट

हा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागे भुंकणारं कुत्रं होतं, ते काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच आहे.

सुरुवात एका घोळापासून करते. इंग्रजीत गाड्यांच्या लिलावाची जाहिरात वाचलीत तर त्यात ‘लो मायलेज’ असं मोठ्या कौतुकानं लिहिलेलं असतं. आपल्याकडचा माणूस ते वाचून म्हणेल, अरे, मग घ्यायची कशाला? कारण आपल्या लेखी मायलेज म्हणजे ‘किती देते’. लिटरमागे वीस दिली तर चांगली, नऊ दिली तर हत्ती पोसल्यासारखी. पण तिकडे मायलेज म्हणजे गाडी आजवर एकूण किती पळाली. लो मायलेज म्हणजे कमी पळालेली, जपलेली, म्हणून जास्त किमतीची.

माझ्या मामाची गाडी या दोन्ही अर्थांनी लो मायलेज आहे. लिटरला नऊ-दहा देते, आणि चोवीस वर्षांत पळालीय फक्त एकोणीस हजार चारशे किलोमीटर.

मामा राहतो आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पुढे, घोड नदीच्या अंगाला. घरामागे कांद्याची चाळ आहे, चाळीला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये निळ्या ताडपत्रीखाली, त्याखाली जुन्या गोधडीखाली, लाल रंगाची फियाट पॅलिओ १.६. पासिंग एमएच-१४, साल २००२. त्या वर्षी टोमॅटोनं साथ दिली आणि नारायणगावच्या मार्केटमधून आलेल्या पैशांतून घरातली पहिली कोरी गाडी आली. मामानं पॅलिओ का घेतली? तेंडुलकर जाहिरातीत होता म्हणून. यापेक्षा खोल कारण नाही, आणि तो ते लपवतही नाही.

आता या गाडीवर घरात वाद सुरू झालाय. पुढच्या वर्षी, २०२७ मध्ये, तिच्या नोंदणीची मुदत संपते. मामाचा मुलगा म्हणतो, स्क्रॅपला देऊ. मामा म्हणतो, बघू. हे ‘बघू’ म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांच्या घरात माहीत असतं.

या वादामुळे मी या विषयात शिरले. गाडी कधी ‘जुनी’ होते, कधी ‘क्लासिक’ होते, आणि या दोन शब्दांच्या मधे ती नेमकी कुठे उभी असते?

हॉट हॅच नावाची भानगड

आधी गाडीचा प्रकार समजून घेऊ. हॅचबॅक तुम्हाला माहीत आहे. मारुती ८००, स्विफ्ट, पोलो. मागे वेगळी डिकी नाही, मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो. साधी, घरगुती, बाजारहाट करणारी गाडी.

१९७५ साली जर्मनीत, फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात, फोक्सवॅगननं आपल्या गोल्फ या घरगुती हॅचबॅकची एक वेगळी आवृत्ती दाखवली. नाव गोल्फ जीटीआय. १.६ लिटरचं इंजिन, ११० अश्वशक्ती, आणि वजन जेमतेम आठशे किलोच्या आसपास. कंपनीला वाटलं होतं की हौशी लोक घेतील पाचेक हजार. प्रत्यक्षात त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त जीटीआय विकल्या गेल्या. भाजीची पिशवी मागे टाकून स्पोर्ट्स कारला मागे टाकता येतं, हा शोध तरुण पोरांना लागला होता. अशा गाडीला पुढे नाव पडलं हॉट हॅच.

मग कंपन्यांच्या डोक्यात आलं, हिचं छत कापलं तर? १९७९ मध्ये गोल्फ कॅब्रिओलेट आली. ती ओस्नाब्र्युक गावातल्या कारमान नावाच्या कारखान्यात बनायची. मधोमध एक जाड आडवी कमान होती, गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून. त्या कमानीमुळे ती हँडल असलेल्या टोपलीसारखी दिसायची, म्हणून जर्मन लोकांनी तिला लाडानं ‘स्ट्रॉबेरीची टोपली’ म्हणायला सुरुवात केली. महाबळेश्वरला जाऊन आलेल्या कुणालाही ही उपमा समजावून सांगायला नको. हिलाही जीटीआयचं इंजिन मिळालं. १९८३ मध्ये फोर्डनं एस्कॉर्ट एक्सआर-थ्री-आय उघड्या टपात आणली. १९८६ मध्ये प्यूजोनं २०५ सीटीआय आणली, तिचं काम इटलीतल्या पिनिनफरिना या नामांकित घराण्याकडे होतं.

या गाड्या आज संग्राहकांना हव्या असतात, पण चांगल्या अवस्थेत फार थोड्या सापडतात. त्यामागचं कारण साधं आहे. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण लावून पिळा, पिळला जात नाही. झाकण काढून पिळा, लगेच वाकतो. हॅचबॅकचं शरीर या खोक्यासारखं असतं, तिची ताकद छतात असते. छत कापलं की खालून पोलादाच्या पट्ट्या घालून ती ताकद परत आणावी लागते. गाडी जड होते, महाग होते, खड्ड्यात अंग कापतं, कापडी टपातून पाणी झिरपतं आणि पत्रा गंजतो. शिवाय हॉट हॅच ही तरुणांची गाडी. तरुणांनी ती दामटली, ठोकली, इंजिनं बदलली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये तर चोरांची ही लाडकी गाडी झाली आणि विम्याचे हप्ते भडकले.

त्यामुळे आज अशी एखादी गाडी कमी किलोमीटरची, मूळ रंगाची, मूळ टपाची निघाली, तर ती दुर्मीळ ठरते. लाखो बनल्या तरी कुणीतरी ती वापरायचं टाळलं, म्हणून ती उरली.

आपली उघडी गाडी

आता तुम्ही म्हणाल, जर्मनी-फ्रान्सचं ठीक, आपलं काय?

आपल्याकडे उघड्या टपाच्या गाडीला कुणी कन्व्हर्टिबल म्हटलं नाही. आपण म्हटलं जीप. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव झालं महिंद्रा अँड महिंद्रा. १९४७ पासून मुंबईत विलीज कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात झाली होती. पुढे कित्येक दशकं उंच बोनेटची जीप थोड्याफार फरकानं बनत राहिली.

जीपला छत कापायचा त्रासच नव्हता. तिच्या खाली शिडीसारखी जाड चासी असते, सगळी ताकद तिथे. वर ताडपत्री घाला नाहीतर काढून टाका, चासीला काही देणंघेणं नाही. ऐंशीच्या दशकात महिंद्राच्या जीपमध्ये जे डिझेल इंजिन बसू लागलं, ते प्यूजोच्या परवान्याचं होतं. म्हणजे तिकडे जी कंपनी उघड्या टपाची नखरेल २०५ बनवत होती, तिचंच इंजिन इकडे जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर वडापच्या जीपमध्ये बारा-पंधरा माणसं, दोन कोंबड्या आणि एक दुधाची किटली ओढत होतं.

त्या जीपपैकी कमी किलोमीटरची एकही तुम्हाला सापडणार नाही. मामाच्या घरीही एक होती. तिचा मीटर कधीच बंद पडला होता आणि तो दुरुस्त करावा असं कुणाला वाटलंही नाही. ती कामाची गाडी होती, तिचे किलोमीटर कोण मोजणार?

खऱ्या अर्थानं दोन माणसांची, हौसेची, उघड्या टपाची छोटी गाडी आपल्या बाजूला बनली ती गोव्यात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्सनं तिथे ‘सॅन स्टॉर्म’ काढली. फायबरची बॉडी, दोन सीट, आणि रेनोचं १.२ लिटरचं साठेक अश्वशक्तीचं इंजिन. ताकद हॉट हॅचची नव्हती, पण हेतू तोच होता, थोड्या पैशांत वारं खायचं. गाडी फार चालली नाही. धूळ, पाऊस, खड्डे आणि ‘दोनच माणसं बसणार?’ हा प्रश्न, या चौघांपुढे तिचा निभाव लागणं अवघड होतं. आज एखादी स्टॉर्म दिसली तर गाडीवेडी पोरं मागे लागून फोटो काढतात, आणि बाकीचे विचारतात, ही कुठली रे?

कुर्ला ते रांजणगाव

मामाच्या पॅलिओला टप उघडत नाही, पण हॉट हॅचच्या खानदानात ती बसते. १.६ लिटर, सोळा व्हॉल्व्ह, शंभर अश्वशक्ती. आठवा, १९७५ च्या त्या गोल्फचं इंजिनही १.६ लिटरचंच होतं आणि ताकद ११०. २००१ मध्ये पॅलिओ भारतात आली तेव्हा आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या याच्या निम्म्या-पाऊण ताकदीच्या होत्या.

ती बनायची मुंबईत, कुर्ल्याला. हा कारखाना म्हणजे मराठी घरांच्या आठवणींचं गोदामच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. त्यातून फियाट ११०० आली, तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईची ओळख बनली. त्याच कुर्ल्यातून नंतर फियाटनं उनो, सिएना आणि पॅलिओ काढल्या.

सचिनची गोष्ट अनेकांना माहीत असेल. डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये फियाटतर्फे त्याला फेरारी मिळाली, मायकेल शूमाकरच्या हस्ते. नंतर तिच्या आयातशुल्कावरून देशभर गदारोळ झाला. मामा अजून सांगतो, ‘त्याला फेरारी, मला पॅलिओ. एकाच वर्षी. कंपनी एकच.’

पुढे फियाटचं काम कुर्ल्याहून रांजणगावला आलं, शिरूर तालुक्यात. आता एक गंमत बघा. अष्टविनायक करताना आपण जुन्नर तालुक्यात ओझर आणि लेण्याद्रीला जातो, मग रांजणगावला महागणपतीला. म्हणजे देवदर्शनाच्या त्याच फेरीत आपण भारतातल्या पहिल्यावहिल्या अस्सल हॉट हॅचच्या जन्मस्थानाजवळून जातो. कारण २०१५ मध्ये रांजणगावातून अबार्थ पुंटो निघाली. १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, सुरुवातीची किंमत दहा लाखांच्या आत. गाडीवेड्यांनी डोक्यावर घेतली, पण डोक्यावर घेणारे थोडे आणि शोरूममध्ये पैसे मोजणारे त्याहून थोडे. २०१९ च्या सुमारास फियाटनं भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणं थांबवलं.

रांजणगावचा कारखाना मात्र चालू आहे. २०१७ पासून तिथे जीप कंपास बनते. १९४७ मध्ये मुंबईत जोडलेल्या जीपचं नाव फिरून फिरून आपल्याच जिल्ह्यात आलं.

आणि पुणे-नाशिक रस्ता डोळ्यांसमोर आणा. चाकणला फोक्सवॅगननं २००९ पासून २०२२ पर्यंत पोलो बनवली. नाशिकला महिंद्राची थार बनते, आणि २०२० च्या थारमध्ये तर उघडणाऱ्या कापडी टपाची आवृत्तीही आली. तिच्या पहिल्या गाडीचा मदतीसाठी लिलाव झाला तेव्हा बोली १ कोटी ११ लाखांवर गेली. या दोन टोकांच्या बरोबर मधे आपलं मंचर, नारायणगाव, आळेफाटा. नव्या गाड्या आमच्या दारावरून ट्रेलरवर बसून जातात. जुन्या गाड्या आमच्या शेडमध्ये राहतात.

पंधरा आणि पन्नास

आता कायद्याकडे येऊ, कारण खरा पेच इथे आहे.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. मामाची गाडी २०१७ मध्ये एकदा या चक्रातून गेली, २०२२ मध्ये परत गेली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या कारसाठी नूतनीकरणाचं शुल्क दहा हजार झालंय. दुसरीकडे २०२१ चं स्क्रॅप धोरण सांगतं की जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढा, प्रमाणपत्र घ्या, आणि नव्या खाजगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत मिळवा. मामेभावाचा डोळा या सवलतीवर आहे, आणि त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही. जुन्या गाड्यांचा धूर हा खोटा प्रश्न नाही.

त्याच २०२१ मध्ये सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट. नव्या नोंदणीला वीस हजार, पुनर्नोंदणीला पाच हजार. रोजच्या वापरासाठी नाही, पण प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, यासाठी रस्त्यावर आणता येते. म्हणजे कायद्यानं मान्य केलं की काही गाड्या म्हणजे वारसा असतो.

पण मधली पस्तीस वर्षं? सोळाव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत गाडीला वेगळं नाव नाही. ती नुसती ‘जुनी’. कागदावर आमची लाल पॅलिओ आणि काळा धूर ओकणारी एखादी खिळखिळी गाडी, दोन्ही एकाच रांगेत. पॅलिओ व्हिंटेज होईल २०५२ मध्ये. मामा आज एकोणसाठचा आहे, तेव्हा पंच्याऐंशीचा असेल. सॅन स्टॉर्म आणखी वीस-बावीस वर्षं थांबणार. रांजणगावची अबार्थ तर २०६५ ला पात्र होईल, तोवर त्यातल्या किती उरतील?

पन्नास वर्षांच्या रेषेपर्यंत पोचलेल्या गाड्यांबद्दल आपण म्हणतो, वा, काय जपलीय! पण त्या पोचल्या कशा? मधल्या नावाविनाच्या काळात कुणीतरी हट्टानं, घरच्यांचे टोमणे खात, शुल्क भरत त्यांना सांभाळलं म्हणून. त्या माणसाचं नाव आरसी बुकवर असतं, बाकी कुठे नसतं.

न पळता जपणं

जपणं म्हणजे नुसतं झाकून ठेवणं का, हा प्रश्न मला मामाच्या शेडमध्येच पडला. आमच्याकडे त्याचं एक उत्तर आहे, आणि ते गाडीचं नाही, गाड्याचं आहे.

जुन्नर, आंबेगाव, खेड हा बैलगाडा शर्यतींचा पट्टा. यात्रा म्हटली की घाट, आणि घाट म्हटला की बारी. सेकंदांत लागणारा निकाल, आणि त्यासाठी वर्षभर खुराक. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. बंदी बरोबर की चूक, यावर दोन बाजू आहेत, आणि बैलाच्या वेदनेचा मुद्दा मी हलका मानत नाही. मला सांगायचंय ते मधल्या साडेसात वर्षांचं.

आजोबांचा एक बैल होता, सर्जा. बंदी आली तेव्हा ऐन भरात, पाच-सहा वर्षांचा. खूप जणांनी बैल विकले. आजोबांनी ठेवला. चारा चालू, खुराक चालू, अंघोळ चालू, फक्त पळणं बंद. ‘उद्या उठंल बंदी’ असं म्हणत म्हणत साडेसात वर्षं गेली. बंदी उठली तेव्हा सर्जा तेरा वर्षांचा होता. घाटाकडे तोंड करून उभा राहायचा, पण पाय बोलत नव्हते. यात्रेत त्याला नुसता गुलाल लावून फिरवून आणला.

गाडीवाल्या लोकांच्या भाषेत सर्जा ‘लो मायलेज’ होता.

गाडीचंही असंच होतं, आणि यात भावनेपेक्षा रसायनशास्त्र जास्त आहे. उभ्या गाडीतलं पेट्रोल महिन्यांत शिळं होतं आणि चिकट थर धरतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि २००२ च्या गाडीचे रबरी पाइप त्या मिश्रणासाठी बनलेलेच नव्हते. सील वाळतात. ब्रेक आखडतात. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. टायमिंग बेल्ट किलोमीटरनं जसा झिजतो तसा वर्षांनीही म्हातारा होतो, आणि चालू गाडीत तुटला तर इंजिनच घेऊन जातो. आमच्याकडे यात उंदरांची भर. कांद्याच्या चाळीशेजारची शेड म्हणजे त्यांना फार्महाउसच. दोनदा वायरिंग कुरतडून झालंय.

मामाला हे कुणी शिकवलं नाही, पण तो दर रविवारी गोधडी काढायचा, गाडी चालू करायचा, गावाबाहेरच्या यात्रेच्या घाटापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. पाच-सहा किलोमीटर. लोक हसायचे. मामी म्हणायची, ‘देवाला जाताना काढायची नाय, आन् घाटाला दाखवून आणायची!’ एकोणीस हजार किलोमीटरांतले निदान चार-पाच हजार या रविवारांचे असतील. मी हिशोब केला तेव्हा लक्षात आलं, गाडी जिवंत आहे ती याच किलोमीटरांमुळे.

खरं लो मायलेज कसं ओळखायचं

तुमच्यातल्या काही जणांचा आता जुनी गाडी शोधायचा विचार सुरू झाला असेल. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवता येतो. बाकीच्या गोष्टींना प्रश्न विचारा. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघा. वीस हजार किलोमीटरच्या गाडीत ते गुळगुळीत झालेलं नसतं. स्टेअरिंग कुठे चकाकतंय, ड्रायव्हरची सीट बाहेरच्या कडेला किती दबलीय, ते बघा. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो. २३०२ लिहिलं असेल तर तो टायर २००२ च्या तेविसाव्या आठवड्यातला. ‘कमी पळाली’ म्हणणाऱ्या गाडीला तिसरा टायरसेट का लागला, हे विचारायला हवं. काचांवरही सालाची खूण असते, सगळ्या जुळतात का पाहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागद. मामाकडे एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा आहे. त्यात खरेदीची पावती, सर्व्हिस बुक, प्रत्येक विम्याची प्रत, दुसरी किल्ली, आणि दसऱ्याला शोरूमबाहेर काढलेला फोटो आहे. फोटोत आजोबा बोनेटवर नारळ ठेवून उभे आहेत, जणू बैलाच्या पाठीवर हात ठेवलाय. मुंबईतल्या एका गाडी जमवणाऱ्या गृहस्थांना मी फोनवर हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘ताई, गाडी नंतर बघतो, आधी त्या डब्याचे फोटो पाठवा.’ त्यांनी जो आकडा सांगितला तो स्क्रॅपच्या भावापेक्षा बराच वर होता. लाखांची लॉटरी मात्र नव्हती, उगाच स्वप्नं रंगवू नका.

मग झालं काय?

मी तो आकडा मामाला सांगितला. मामेभाऊ तिथेच होता. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘त्यो घेऊन काय करंल? काचंच्या खोलीत ठेवंल ना?’

मी म्हटलं, बहुतेक.

‘मंग नको. सर्ज्याचं झालं तेवढं बास.’

आणि त्यानं किल्ली मुलाच्या हातात दिली. मामेभावानं आयुष्यात ती गाडी चालवली नव्हती, बापानं हातच लावू दिला नव्हता. तो तिला मंचरच्या पुढे हायवेला घेऊन गेला. मी मागे बसले होते. तिसऱ्या गिअरमध्ये त्यानं पाय दाबला, इंजिनचा आवाज बदलला, आणि हा पोरगा, ज्याला चार महिने फक्त टॅक्सची सवलत दिसत होती, तो नुसता ‘आयला!’ म्हणाला. परत येईपर्यंत दुसरं काही बोलला नाही.

आम्ही त्या दिवशी अठ्ठेचाळीस किलोमीटर फिरलो. संग्राहकाच्या हिशोबानं गाडीची किंमत तेवढी कमी झाली.

गाडी ठेवायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही. दसऱ्यापर्यंत ठरवू म्हणतात. टायमिंग बेल्ट आणि पेट्रोलचे पाइप बदलायचं मात्र ठरलंय, आणि तो खर्च मामेभाऊ देणार आहे.

एक गोष्ट सांगून थांबते. आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या आंबेगाववरून पडलं, ते मूळ गाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. नाव उरलं कारण ते रोज कुणाच्या तरी तोंडात राहिलं, सातबाऱ्यावर, एसटीच्या पाटीवर. झाकून ठेवलेलं टिकतं की वापरातलं टिकतं, याचा विचार करताना मला ते गाव आठवतं.

तुमच्या गोठ्यात, पार्किंगमध्ये, आजोबांच्या वाड्यात असं काही कव्हरखाली उभं असेल, तर या रविवारी एवढंच करा. कव्हर काढा, टायरवरचे चार आकडे वाचा, कागदांचा डबा शोधा आणि आरसीची मुदत बघा. मग चालू होते का ते बघा. झाली, तर गावाबाहेरपर्यंत एक चक्कर मारून या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, हेल्मेट घाला, सीटबेल्ट लावा.